उसनी माती

आमच्या ड्रमगॉर्टच्या चर्चमागची माती
विकत मिळत नाही, दान मिळत नाही,
फक्त उसनी मिळते.
चहाच्या चमच्याने एक चमचा, सुती फडक्यात बांधून
दुखऱ्या दाढेच्या बाजूला उशीखाली ठेवायची
आणि चौथ्या दिवशी जिथली तिथे आणून टाकायची.
नाही आणली तर काय होतं
हे कोणी सांगत नाही. आणतातच सगळे.

हिशेब मॅलकीकाका ठेवायचा.
गुरांच्या बाजाराची जुनी वही, तीन रकाने:
कोणी नेली, कशासाठी, परत.
टॉम कॅसिडी, गळू, परत.
अट्रॅक्टाची धाकटी, डोळा, परत, फडक्यासकट.
आणि एका मार्चमध्ये, वेगळ्या शाईत:
ग्रॅनिया मॅकब्रायन, दीड चमचा, प्रयोगशाळा.
पुढचा रकाना कोरा.

ग्रॅनिया म्हणजे टपालवाल्या मॅकब्रायनची मुलगी.
तिने ती माती पाण्यात कालवली,
दहापट पातळ केली, पुन्हा दहापट, पुन्हा,
थेंबात मोजता येतील इतकेच जीव उरेपर्यंत,
आणि काचेच्या बशीत पसरून दिली.
नवव्या दिवशी खडूच्या भुकटीसारखे ठिपके.
झाकण उचललं तर आमच्या तळघराचा वास,
बटाट्याच्या पोत्यांचा.
एका ठिपक्याभोवती मात्र रिकामं रिंगण.
इस्पितळातला जो जंतू कुठल्याच औषधाला भीक घालत नव्हता
तो तिथवर येऊन थांबला होता,
अनोळखी कुत्रं फाटकाशी थांबतं तसा.

पुढचं तिने मला आमच्या स्वयंपाकघरात सांगितलं,
साखरेचे चौकोनी खडे मांडून.
हे कार्बनचं कडं, इथे नायट्रोजन,
हा हात असाच ठेवला तर जंतू मरतो, मूत्रपिंडही मरतं,
हा हात बदलला तर मूत्रपिंड वाचतं,
आणि जंतूही.
उंदीर. पुन्हा उंदीर. पैसे संपले.
दोन वर्षांनी पुन्हा थोडे पैसे.
चहा गार होत होता म्हणून मी एक खडा उचलून कपात टाकला.
"नेमका तोच," ती म्हणाली, "तोच हातात राहत नाही."

काका दर ईस्टरला वही उघडायचा
आणि तिच्या नावापुढे बारीक अक्षरात लिहायचा:
अजून नाही.
रकाना भरला तेव्हा समासात लिहू लागला.
रागाने नव्हे. दुधाचा हिशेब लिहावा तसं.

मग त्याचा खुबा बदलला.
नवा खुबा छान बसला, आणि त्याच्यामागोमाग
तोही आत आला, फाटकाशी थांबणारा.
एनिस्किलनच्या इस्पितळात डॉक्टरीणबाई
यादीतलं एकेक औषध खोडत गेल्या,
शेवटच्या ओळीवर पेन ठेवून खिडकीबाहेर बघत राहिल्या.
मी जिन्यात जाऊन ग्रॅनियाला फोन केला. काही आहे का?
पलीकडे कुठलंसं यंत्र घुमत होतं.
"अजून नाही."

काकाला मी तेच दोन शब्द सांगितले.
हसला. दात काढून ठेवलेले होते, तरी हसला.
म्हणाला, तिला विचार, माझी माती कुठंय?
माती नियमाप्रमाणे वाफेत उकडून फेकून दिलेली.
उरलंय ते शीतपेटीत, उणे ऐंशी अंशांवर,
करंगळीएवढ्या नळीत.
"म्हणजे मेलंय?"
नाही, तिने सांगितलं, थांबलंय.
"मग ठीक. बुडालं म्हणता येत नाही."

मे महिन्यात त्याला चर्चमागेच पुरलं.
ग्रॅनिया आली होती, लांब उभी, हात कोटाच्या खिशात.
सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली, शेवटी तिनेही.
पण ती इथलीच उचललेली.
ती धरता येत नाही.

वही आता माझ्याकडे असते.
काल एक मुलगी आली, अक्कलदाढ, एक चमचा.
लिहून घेतलं.
पानं चाळताना ग्रॅनियाचं नाव लागलं.
ईस्टर होऊन आठवडा झाला होता, मी विसरले होते.
टोपण काढलं.
समासात आता जागा थोडीच आहे
आणि माझं अक्षर काकापेक्षा मोठं येतं.